बंद पडत चाललेल्या दुकानातून फ्रिज घ्यावा, सोफा नाही

धाकट्या मावसबहिणीने नवीन फ्लॅट घेतलाय. परवा तिचा फोन आला. घराजवळच्या एका मोठ्या साखळी दुकानात ‘स्टॉक क्लिअरन्स’चा बोर्ड लागलाय. निम्मे रॅक रिकामे, दोन मजल्यांतला एक कुलूपबंद. तिथे डबल डोअर फ्रिज 21,500 ला मिळतोय, आणि तेच मॉडेल चौकातला जुना डीलर 25,800 ला देतोय. त्याच दुकानात एक सोफाही तिला आवडलाय. 48,000 चा, 20,000 भरून बुकिंग, महिन्याभरात घरपोच.

“घेऊ का ताई दोन्ही?”

मी म्हटलं, फ्रिज घे, सोफ्याला हात लावू नकोस. एकाच दुकानातल्या दोन वस्तूंना दोन उत्तरं का, हे तिला कळेना. तिला जे समजावलं तेच इथे सविस्तर लिहिते.

फ्रिजची वॉरंटी दुकानाची नसते, बनवणाऱ्या कंपनीची असते. दुकानाला टाळं लागलं तरी कंपनीचं सर्व्हिस सेंटर आणि त्यांचा टोल फ्री नंबर जागेवर राहतो. त्यामुळे या एका बाबतीत बुडतं दुकान आणि चालतं दुकान यांत फरक फार थोडा, आणि वाचणारे 4,300 रुपये मात्र खरे. पण तो थोडा फरक सगळा बिलावर उभा आहे. डीलरकडे बिलात चूक झाली तर उद्या जाऊन दुरुस्त करून घेता येते. बंद होणाऱ्या दुकानात उद्या कोणी असेलच असं नाही. म्हणून पक्कं जीएसटी बिल, त्यावर आपलं नाव, मॉडेल आणि सिरियल नंबर हे सगळं पैसे देण्याआधी बघायचं. फ्रिजवर सिरियल नंबरचा स्टिकर असतो. तो नंबर आणि बिलावरचा नंबर एकेक अंक लावून बघायचा. मग दुकानात उभ्या उभ्याच कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन करायचा, सिरियल नंबर सांगायचा आणि आज घेतला तर वॉरंटी आजपासून लागेल का ते विचारायचं. डिस्प्लेचा पीस असेल तर हा फोन टाळूच नये. आणखी एक गोष्ट, दिसायला बारीक पण महत्त्वाची. यंत्रातून निघालेलं गुळगुळीत कागदाचं बिल वर्षभरात पांढरं पडतं. त्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.

या धड्याची फी मी भरलेली आहे. सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानातून वॉशिंग मशीन घेतलं आणि काउंटरवरच्या मुलाच्या आग्रहाखातर 3,200 रुपयांची वाढीव वॉरंटीही घेतली. कंपनीची दोन वर्षं संपल्यावर पुढची तीन वर्षं दुकान बघणार होतं. तिसऱ्या वर्षी ड्रमचं बेअरिंग गेलं. दुकान त्याआधीच बंद झालं होतं. कंपनीला फोन केला, तर त्यांच्याकडे त्या 3,200 ची नोंदच नव्हती. चूक त्यांची नव्हती, कारण ते वचन दुकानाने दिलं होतं. तेव्हापासून मी वाढीव वॉरंटीचा कागद हातात घेतला की आधी खालची सही बघते. बनवणाऱ्या कंपनीची असेल तर विचार करावा. विमा कंपनीची पॉलिसी असेल आणि पॉलिसी नंबर हातात मिळत असेल तरी चालेल. पण दुकानाची स्वतःची असेल आणि दुकान डुगडुगत असेल, तर तो खर्च सरळ वाचवावा.

आता सोफा. यात कंपनीची वॉरंटी हा मुद्दाच नाही. वस्तू अजून बनलेली नाही आणि 20,000 रुपये आधी जाणार आहेत. पैसे दिले त्या क्षणापासून माल मिळेपर्यंत तुम्ही ग्राहक असता तसेच त्या दुकानाचे धनकोही असता, म्हणजे दुकान तुमचं देणं लागतं. बुडणाऱ्या कंपनीकडून येणं असलेल्यांची रांग फार लांब असते.

बिग बझार आठवून बघा. 2001 साली सुरू झालेली, गावोगावच्या लोकांनी महिन्याचं वाणसामान जिथून भरलं अशी साखळी. 2022 च्या फेब्रुवारीत रिलायन्सने तिची दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी जुलैत ती चालवणारी फ्युचर रिटेल मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशी प्रक्रिया सुरू झाली की 2016 च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे कंपनीवरचे दावे थांबतात. ग्राहक आयोगातली तक्रारही तिथेच अडकते. तुम्ही आपला दावा प्रक्रिया चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे नोंदवायचा. त्यासाठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि मुदत अगदी थोड्या दिवसांची असते. कंपनी मोडीत काढायची वेळ आली तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेल्या बँका आणि कामगारांची थकबाकी, मग इतर कर्मचारी, बिनतारणी कर्जं आणि सरकार. सोफ्याचे 20,000 त्याच्याही मागे. तिथपर्यंत काही उरेल हे धरून चालू नये.

चौकातला डीलर मात्र एकट्या मालकीचा आहे. हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही, आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. प्रोप्रायटरच्या दुकानाचं देणं म्हणजे मालकाचं स्वतःचं देणं. भागीदारीत भागीदारांचं. दुकान बंद केलं तरी त्याची जबाबदारी सुटत नाही, आणि ग्राहक आयोगाचा आदेश त्याच्या नावावर निघू शकतो. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये देणं कंपनीपुरतं राहतं, संचालकाच्या घरापर्यंत सहसा पोचत नाही. म्हणून ॲडव्हान्स द्यायचाच असेल, तर चकचकीत पण डळमळीत साखळीपेक्षा वीस वर्षं त्याच गाळ्यात बसलेला माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

पैसे कसे द्यायचे यावरही बरंच अवलंबून आहे. रोख आणि यूपीआय या बाबतीत एकाच माळेचे मणी. पैसे दुकानाच्या खात्यात पोचले की ते परत ओढून आणायला भक्कम वाट नाही. क्रेडिट कार्डावर ती आहे. माल मिळालाच नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून डिलिव्हरीची तारीख उलटली की दुकानाच्या ‘पुढच्या आठवड्यात नक्की’वर थांबायचं नाही. ईएमआयचा घोळ वेगळा. फायनान्स कंपनीचं कर्ज हा तुमचा आणि तिचा करार असतो. सोफा आला नाही म्हणून हप्ता थांबवला, तर आधी सिबिल स्कोअर खाली येतो आणि भांडण नंतर सुरू होतं. इंग्लंडमधल्या आपल्या लोकांची स्थिती बरी आहे. तिथल्या 1974 च्या कायद्याच्या कलम 75 मुळे 100 ते 30,000 पौंडांच्या क्रेडिट कार्ड खरेदीत कार्ड देणारी कंपनीही दुकानाइतकीच जबाबदार असते. 2012 साली कॉमेट ही तिथली मोठी इलेक्ट्रॉनिक्सची साखळी बुडाली, तेव्हा ऑर्डर अडकलेल्या कार्डवाल्यांना ही वाट मोकळी होती. आपल्याकडे असं कलम नाही. काउंटरवर “मशीन बंद आहे मॅडम, यूपीआय करा, अजून पाचशे कमी करतो” ऐकू आलं, तर मी पिशवी उचलून बाहेर पडेन.

गिफ्ट व्हाउचर हातात असेल तर आजच वापरून टाका. एकाच दुकानात चालणाऱ्या व्हाउचरवर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते. एक्सचेंजमध्ये जुना फ्रिज देणार असाल तर नवा घरात आल्याशिवाय जुना हलवू देऊ नका. सराफाच्या ‘अकरा हप्ते तुमचे, बारावा आमचा’ योजनेलाही सोफ्याचाच नियम, कारण तोही ॲडव्हान्सच. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये डोंबिवली-ठाण्यातल्या गुडविन ज्वेलर्सच्या बंद शटरसमोर पासबुकं घेऊन उभ्या राहिलेल्या बायका मला अजून आठवतात.

वस्तू सदोष निघाली तर ‘विकलेला माल परत घेणार नाही’ या छापील ओळीला घाबरू नका. बिलावर मुदत नसेल तर 30 दिवसांत सदोष माल परत न घेणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तेवढ्याने भागलं नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रारीत दुकानाबरोबर बनवणाऱ्या कंपनीलाही प्रतिपक्ष करा. दुकान उद्या नाहीसं झालं तरी समोर कोणीतरी उभं राहील.

बहिणीने शनिवारी क्रेडिट कार्डावर फ्रिज घेतला आणि त्याच संध्याकाळी टेम्पोत घालून घरी आणला. स्टिकरचा फोटो मला रात्री आला, शेवटचे चार अंक बिलाशी जुळतात ना, असं विचारत. जुळत होते. सोफ्याचं माप घ्यायला गुरुवारी सुतार येणार आहे.