लग्नाला स्त्री पुरोहित: आमचा मुलुंडचा अनुभव

फेब्रुवारीत माझ्या थोरलीचं लग्न मुलुंडला झालं. पौरोहित्य एका बाईंनी केलं. त्यानंतर चार-पाच जणींनी फोन करून चौकशी केली, म्हणून सगळंच लिहिते.

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या नेहमीच्या गुरुजींकडे तारीख घेऊन गेले, तर त्यांनी आधी विचारलं, "कन्यादानाला कोण बसणार?" म्हटलं, मीच. ते म्हणाले, "तसं चालत नाही. दीर-जावेला बसवा." दीर-जाऊ माझ्या जिवाभावाचे आहेत. पण शिकवण्या घेऊन, कर्जाचे हप्ते फेडून मुलीला उभं केलं मी, आणि त्या दिवशी मीच मागच्या खुर्चीत? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मग मैत्रिणीने डोंबिवलीच्या या बाईंचा नंबर दिला. पुण्यात शंकरराव थत्ते यांनी १९७० च्या दशकात आपल्या 'उद्यान' मंगल कार्यालयात बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. तिथे शिकलेल्या एका बाईंच्या हाताखाली या तयार झाल्या. फोनवर मी आधी तेच सांगितलं, की मी विधवा आहे. त्या म्हणाल्या, "मुलगी तुमची ना? मग यजमान तुम्हीच. गोत्र सांगा." आणि थेट सामानाच्या यादीवर आल्या.

लग्नाच्या दिवशी पुण्याहवाचनाला मी पाटावर बसले. त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने मला हळदीकुंकू लावलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. संकल्पात माझं नाव घेतलं. कन्यादानाला खाली जावयाची ओंजळ, तिच्यात मुलीची, वर माझी, आणि पाण्याची धार धाकटीने धरली. लाजाहोमात लाह्या घालायला भाऊ लागतो, तिथेही धाकटीच उभी राहिली.

पाणिग्रहणाचा 'गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्' हा मंत्र म्हणून त्या क्षणभर थांबल्या. सांगितलं, की हा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ८५ व्या सूक्तातला, आणि परंपरेनेच त्या सूक्ताची ऋषी सूर्या सावित्री मानली आहे. म्हणजे बाई. माझ्या जाऊबाई पुटपुटल्या, "एवढी लग्नं पाहिली, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं." मलाही तेच वाटलं. मंत्र बाईच्या नावावर, आणि ते म्हणायला मात्र बाई चालत नाही म्हणायचं!

आदल्या दिवशी आत्याबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "त्यांची अडचण आली तर?" मी संकोचत ते पुरोहितबाईंच्या कानावर घातलं. त्या अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ते माझं मी बघते, तुमचा मुहूर्त चुकणार नाही." मुहूर्त चुकला नाही.

आता उणं काय ते. प्रत्येक विधीचा मराठीत अर्थ सांगतात, ते मला फार आवडलं, पण सीमांतपूजन त्यामुळे बरंच लांबलं आणि व्याही मंडळी ताटकळली. तुम्हाला थोडक्यात हवं असेल तर आधीच सांगा, त्या ऐकतात. आवाज स्वच्छ आहे, पण मोठ्या हॉलला माइक लागतोच; आमचा ऐन मंगलाष्टकांत खरखरला. दर्भ, समिधा, लाह्या त्या स्वतः आणतात, बाकीचं सामान आम्ही दादरहून घेतलं. दक्षिणा गुरुजींनी सांगितली होती तेवढीच दिली. बाई आहेत म्हणून कमी घेतील, असं कुणी मनातही आणू नका. पाठांतर तेच, उपास तोच, धुरात बसणंही तेच.

एक गोष्ट मात्र सलते. घरातली पूजा, लग्न, वास्तुशांत इथवर या बाईंना बोलावणं येतं. आमच्या गल्लीतल्या देवळात त्याच बाईंना गाभाऱ्याच्या उंबऱ्याआत येऊ देत नाहीत. पंढरपुरात सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१४ च्या निकालाने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरेचे हक्क गेले, त्यानंतर मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी बायकांचेही अर्ज मागवले. विठ्ठल-रखुमाईच्या दारी विचारलं गेलं, तर आमच्या गल्लीत का नाही? विश्वस्तांना मी तसं पत्र दिलं आहे.

बाईंची तारीख निदान तीन महिने आधी घ्या. पितृपंधरवड्यात ह्यांचं श्राद्ध यंदा धाकटी करणार आहे, त्यासाठीचा दिवस मी घेऊन ठेवलाय.