रॅले ट्वेंटी: घरी मॉडिफाय करायला कशी आहे?

इथे लेस्टरला जुनी रॅले ट्वेंटी घेतली, छोट्या चाकांची सायकल, सत्तरच्या दशकातली, नॉटिंगहॅमला बनलेली, आणि दोन महिने शेडमध्ये तिच्याशीच झटापट चालूय. फ्रेम एक नंबर, जड आहे पण कुठे वाकलेली नाही. मूळच्या स्टील रिम पावसात ब्रेकला अजिबात दाद देत नाहीत म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या ४०६ (मिमी व्यास) टाकल्या, बीएमएक्स सायकलींचं माप, टायर कुठेही मिळतात. पण मूळ रिम ४५१ ची, म्हणजे ब्रेकचं रबर साडेबावीस मिलिमीटर अजून आत पोचायला हवं, मी शहाण्याने न मोजताच ब्रेक मागवले आणि ते टायरलाच घासत बसले, परत लाँग रीचवाले, म्हणजे लांब हाताचे घेतले.

खरी डोकेदुखी बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस फिरतो ते बेअरिंग. ते बसतं ती फ्रेमची नळी, शेल, ७६ मिमी, आटे इंचाला २६, बाजारात बहुतेक ६८ आणि २४ वालंच. जबरदस्तीने पिळू नका, आटे जातील. मी बिनआट्याचं बसवलं, मस्त चालतंय. पेडलचा दांडा आसाला धरून ठेवणारी कॉटर पिन मात्र तेल पाजून, हातोडी मारून, शिव्या देऊन तिसऱ्या दिवशी निघाली. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, एवढ्यात नवी आली असती की रे. आली असती, पण हिचं वळण बघा ना. पाचपैकी चार, एक कॉटर पिनचा कापला.