छातीचा पट्टा, चाकाचा सेन्सर आणि एकच चढ: सहा महिन्यांच्या वापरानंतर

जीपीएस सायकल कॉम्प्युटर, छातीला बांधायचा हार्ट रेट पट्टा आणि हबवर (चाकाच्या मधोमध) बसणारा स्पीड सेन्सर, असा हा संच. पेडलवर लागणारी ताकद वॅटमध्ये मोजणारा पॉवर मीटर नाही. नव्या सायकलस्वाराचं पहिलं वर्ष त्याच्यावाचून अडत नाही.

तिघांत सर्वात कामाचा निघाला तो पट्टा. मनगटावरचं घड्याळ प्रकाशाने नाडी मोजतं, त्यामुळे हँडल घट्ट धरलं किंवा रस्ता खडबडीत लागला की त्याचा आकडा मागे पडतो, कधी भलताच येतो. पट्टाही सुरुवातीची काही मिनिटं फसवतो. त्वचा कोरडी असते, वर सिंथेटिक जर्सी फडफडून स्थिर वीज तयार होते आणि निवांत पेडल मारतानाही 200 ठोके दिसतात. निघण्याआधी त्वचेला टेकणारा भाग पाण्याने ओला केला की हे थांबतं. राईडनंतर पट्ट्यावरचा सेन्सर काढून ठेवायचा, नाहीतर ओलीमुळे तो चालूच राहतो आणि त्यातला 2032 नंबरचा बटण सेल लवकर संपतो. पट्टा धुवायचाच, घामाचं मीठ साचलं की आकडे तुटक येतात.

स्पीड सेन्सरमध्ये घोळ होतो तो चाकाच्या परिघाचा. 700×32 टायरचा परिघ साधारण 2155 मिमी, 700×25 चा 2105. जाड टायर काढून बारीक लावला आणि सेटिंग तसंच ठेवलं, तर ताशी 25 किमीला 0.6 किमीची फुकट प्रगती! परिघ स्वतःच मोजावा: व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खूण, सायकलवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा, परत खूण.

आता मुद्द्याचं. सरासरी वेगावरून तयारी जोखू नका. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी 25 वरून 27.5 वर जायला तेवढ्यापुरती 33 टक्के जास्त ताकद. त्यात वारा आणि सिग्नल आलेच. ऑटो-पॉज चालू असेल तर थांबलेला वेळ हिशेबातच येत नाही. कधी चालू, कधी बंद ठेवलं तर दोन राईडची तुलनाच संपली.

त्याऐवजी 10-15 मिनिटांचा एक चढ ठरवा. तीव्र असेल तितका बरा, कारण तिथे वेग कमी आणि वाऱ्याचा हिस्सा छोटा. तीन-चार आठवड्यांतून एकदा, 20 मिनिटं वॉर्म-अप करून, टायरमध्ये तेवढीच हवा आणि तेवढ्याच भरलेल्या बाटल्या घेऊन चढायचं. जीव तोडून नाही. ठोके ठरलेल्या आकड्याजवळ, समजा 150 च्या आसपास, धरून. वेळ कमी झाला तर तयारी वाढली.

चढ 3 किमीचा, उंची 150 मी. आणि वेळ 15 मिनिटं असेल, तर ताशी 600 मी. चढाई झाली. सायकलसकट वजन 80 किलो धरलं तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 131 वॅट, वर टायरचं घर्षण आणि हवेचे 20-25. हाच चढ साडेबारा मिनिटांत झाला तर ताशी 720 मी. वजन उतरल्यानेही वेळ घटतो, म्हणून वजनाची नोंद शेजारीच ठेवावी.

उकाडा, अपुरी झोप किंवा कमी पाणी असेल तर त्याच कामाला ठोके सहज 5-10 ने चढतात. त्या दिवशीची चाचणी खोडून टाका. पहिल्या काही आठवड्यांत सुधारणा झपाट्याने होते, कारण रक्तातला द्रव भाग लवकर वाढतो; पुढे आलेख सपाट होतो तेव्हा घाबरून रोज चाचणी घेऊ नये.

कॅलरीचा आकडा या संचात निव्वळ अंदाज आहे, त्यावर जेवण ठरवू नका. कॉम्प्युटरचा हवेच्या दाबावरून उंची मोजणारा उंचीमापकही लहरी: त्याचं बारीक छिद्र पावसाने किंवा घामाने बुजलं की चढ सपाट दिसतो. चढाची उंची नकाशावरून एकदाच लिहून ठेवली की पुढे फक्त वेळ आणि ठोके बघायचे.