एक दिवसाआड की आठवड्याची तुकडी?

माझा भाचा एका नगरपरिषदेत आस्थापना विभागात आहे. पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर कचेरी अर्ध्या माणसांत कशी चालवायची, हे आपत्ती आराखड्यातलं पान लिहिण्याचं काम त्याच्या गळ्यात पडलंय. "मामा, माणसं एक दिवसाआड बोलवू की आठवड्याच्या तुकड्या पाडू?" त्याने फोनवर विचारलं. २०२० साली मुंबईशेजारच्या एका महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात मी दोन्ही करून बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा प्रश्न फक्त खिडकीवरच्या आणि टेबलावरच्या माणसांचा. कचऱ्याची गाडी, ड्रेनेज, पाण्याचा चावीवाला यांना अर्धी हजेरी नव्हतीच. मार्च २०२० मध्ये सरकारी कचेऱ्यांची हजेरी आधी ५०, मग २५, मग ५ टक्क्यांवर आली, तेव्हाही आमचा चावीवाला पहाटे व्हॉल्व्ह फिरवायला जातच होता.

एक दिवसाआडची पद्धत कागदावर देखणी दिसते. मस्टर, म्हणजे हजेरीपट, बघून कोणी कुरकुरत नाही, सगळ्यांना सारखं. माणूस दमत नाही, घरचंही निभतं. पाणीपट्टी, मालमत्ता कर अशा खिडक्यांवर पैसे घेतले, पावती दिली, विषय संपला. तिथे ही पद्धत खरंच बरी. वसुलीच्या टेबलावरच्या मॅडम अजून तिचंच नाव काढतात.

माझं मन उडालं ते जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर. तिथलं काम एका दिवसात आटपत नाही. एक गृहस्थ वडिलांच्या दाखल्यातलं नाव दुरुस्त करायला आले होते. सोमवारच्या लिपिकाने अर्ज घेतला, आधारची झेरॉक्स जोडली, कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घालून बदलापूरला घरी गेला. मंगळवारच्या माणसाला ना अर्ज माहीत, ना कपाट उघडता येईना. "उद्या या." बुधवारी सोमवारवाल्याला ताप. गुरुवारी गृहस्थ पुन्हा हजर, सायकलवर, कारण रिक्षा बंद. आरडाओरडा नाही, काही नाही. एवढंच म्हणाले, "सोमवारचे साहेब केव्हा येणार, तेवढं सांगा." मी मान खाली घालून टेबलावरचे कागद सारखे करत बसलो.

नवीन नोंदीवाल्यांचं तर याहून वाईट. २१ दिवसांची मुदत टळली की विलंब शुल्क, ३० दिवस उलटले की वरच्या परवानगीचा कागद. अशा माणसाचे दोन फेरे आपल्या कपाटापायी वाया घालवायचे, म्हणजे काय ते बघा. रोज संध्याकाळी किल्ली आणि अडकलेल्या कामांची चिठ्ठी पाकिटात घालून वॉचमनकडे ठेवायची, असंही ठरवलं. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी पाकिटात नुसती चिठ्ठी.

मेमध्ये आम्ही आठवड्याच्या तुकड्यांवर आलो. सोमवार ते शनिवार तीच माणसं, पुढचा आठवडा दुसरी. चार्ज द्यायचा शनिवारी, एकदाच: वही, किल्ली, शिक्का. रोजचं होत नाही ते आठवड्याचं होतं, हा माझा अनुभव. किल्लीला सॅनिटायझर लावून लावून तिच्यावरचा लाल ठिपका गेला, पण ती हरवली नाही. सोमवारी घेतलेला अर्ज बहुधा गुरुवारपर्यंत त्याच हातून मार्गी लागे, आणि "कालच्या माणसाला विचारा" हे वाक्य खिडकीवरून जवळपास गेलं.

गाड्यांचाही हिशेब होता. २२ मार्चच्या रात्रीपासून लोकल बंद, त्या अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या १५ जूनला. मधल्या काळात आसनगाव-बदलापूरची माणसं बसने तीन-तीन तास धक्के खात यायची. आठवड्याची पाळी झाल्यावर दोघं-तिघं पालिकेच्या शाळेतल्या वर्गात सतरंजी टाकून राहिले. एक दिवसाआड असती तर कोण राहणार?

संसर्गाबद्दल मी डॉक्टर नाही, तेव्हा बेतानेच बोलतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला तेव्हा साधारण पाच-सहा दिवस लागत. एक दिवसाआडच्या पाळीत तेवढ्यात माणूस दोन-तीनदा टेबलावर येऊन जातो. शिवाय "माझा बुधवार तू घे" या अदलाबदलीत दोन्ही गट कधी मिसळतात ते कळतही नाही. तुकडीत निदान शेवटी-शेवटी लागण झालेल्याचं घरच्या आठवड्यात उमगण्याची शक्यता असते. अर्थात सोमवारीच बाधित आला तर तेव्हा अख्खी तुकडी १४ दिवस घरी बसायची. आमची जूनमध्ये एकदा बसली, आणि उरलेल्यांनी सलग दोन आठवडे ओढले. शनिवारपर्यंत माणसं चिडचिडी व्हायची, ते वेगळंच.

आणखी एक अडचण: तुकडी पाडायला प्रत्येक कामाची दोन माणसं लागतात. लहान नगरपरिषदेत नोंदणीचा लिपिक एकच असतो, तिथे तुकड्यांचा आग्रह धरू नये. आधी दुसऱ्याला काम शिकवा, मग पाळ्या लावा.

भाच्याला मी सांगितलं, वसुली ठेव हवं तर एक दिवसाआड, पण दाखले, परवाने, तक्रारी, जिथे कागद दोन-चार दिवस रेंगाळतो, तिथे आठवडाच बरा. त्याचे मुख्याधिकारी बहुतेक एक दिवसाआडच करतील, मस्टर छान दिसतं. तसं झालंच तर कपाटाची दुसरी किल्ली आत्ताच करून घे म्हटलं. आम्हाला सुचलं तेव्हा गावातले सगळे किल्लीवाले शटर पाडून घरी बसले होते.