स्काला 2.13 कलेक्शन: निकालाचा टाइप तपासून घ्या

स्काला या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जून 2019 मध्ये आलेल्या 2.13 आवृत्तीने कलेक्शन लायब्ररीतून ‘कॅनबिल्डफ्रॉम’ (निकालाच्या कलेक्शनचा टाइप ठरवणारा इम्प्लिसिट पॅरामीटर) काढून टाकलं आणि ‘मॅप’, ‘फ्लॅटमॅप’ यांच्या सिग्नेचर पुन्हा वाचण्याजोग्या झाल्या. त्याऐवजी काही कलेक्शनमध्ये एकाच नावाच्या दोन-दोन मेथड आल्या. लिस्ट आणि व्हेक्टरपुरतं काम असेल तर फरक जाणवतही नाही.

सॉर्टेडसेटवर, म्हणजे क्रमाने लावलेल्या सेटवर, ‘मॅप’ची एक मेथड साधा सेट देते, दुसरी ऑर्डरिंग (घटकांची तुलना कशी करायची याचा नियम) मागते आणि सॉर्टेडसेट देते. कंपायलर अधिक नेमकी, म्हणजे दुसरी मेथड आधी निवडतो आणि ऑर्डरिंग नंतर शोधतो. ते सापडलं नाही तर मागे फिरून पहिली मेथड घेत नाही, थेट एरर देतो. एररमध्ये मात्र ‘अनसॉर्टेड’ (त्याच सेटकडे साधा सेट म्हणून पाहणारी मेथड) वापरा असं स्पष्ट लिहिलेलं असतं. या भाषेच्या मानाने ही चैनच!

बिटसेट, म्हणजे पूर्णांकांचा खास सॉर्टेडसेट, जास्त फसवा आहे. लॅम्डा (‘मॅप’ला दिलेलं निनावी फंक्शन) इंट परत करत असेल तर निकाल बिटसेटच ठरतो. प्रत्येक संख्येचं चिन्ह उलटं करून पाहा: कोड बिनतक्रार कंपाइल होतो आणि चालवल्यावर ‘इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन’ येतं, कारण बिटसेटमध्ये ऋण संख्या बसत नाही. इथेही आधी ‘अनसॉर्टेड’, मग ‘मॅप’.

की-व्हॅल्यूच्या मॅपवर तर एररही येत नाही. लॅम्डाने जोडी परत केली की निकाल पुन्हा मॅपच, त्यामुळे की आणि व्हॅल्यूची अदलाबदल करताना दोन व्हॅल्यू सारख्या असतील तर एक नोंद गुपचूप गळते. सगळ्या जोड्या हव्या असतील तर आधी ‘टूलिस्ट’ करा. एका फांदीत जोडी आणि दुसरीत ‘नन’ (‘काहीच नाही’ दाखवणारी व्हॅल्यू) परत केलंत तर निकाल नुसता इटरेबल होतो, आणि त्याची एरर चार ओळी खाली भलत्याच ठिकाणी दिसते.

घटक एकेक करून जमवत जाणाऱ्या ‘फोल्डलेफ्ट’ला सुरुवातीला ‘निल’ (रिकामी लिस्ट) दिल्यावर येणारी टाइप मिसमॅच यातली नाही. तिथे टाइप पहिल्या कंसातच पक्का होतो, ‘लिस्ट.एम्प्टी’ला घटकाचा टाइप द्या, काम होईल.

नेमकी कोणती मेथड निवडली गेली हे पाहायला कंपायलरच्या ‘एक्सप्रिंट’ फ्लॅगला ‘टायपर’ (टाइप ठरवण्याचा टप्पा) हा फेज द्या. आउटपुट लांबलचक येतं, म्हणून संशयित ओळी वेगळ्या फाइलमध्ये काढून चालवा. पब्लिक मेथडचा रिटर्न टाइप हाताने लिहिलेला असेल तर बऱ्याचदा याची गरजच पडत नाही.