जँगोमधले यूआरएल: सगळे एका फाइलीत की ॲपगणिक वेगळे?

जँगो या पायथॉनमधल्या वेब फ्रेमवर्कचा नवा प्रोजेक्ट उघडला की यूआरएलसाठी एकच फाइल तयार मिळते. सगळे पॅटर्न (कोणत्या पत्त्यावर कोणतं पान, हे सांगणाऱ्या ओळी) तिच्यातच वाढवत न्यायचे, की प्रत्येक ॲपला, म्हणजे प्रोजेक्टच्या प्रत्येक स्वतंत्र भागाला, स्वतःची फाइल देऊन ती 'इन्क्लूड'ने जोडायची?

एका फाइलीत क्रम डोळ्यांसमोर राहतो, आणि जँगोत क्रमाला फार किंमत आहे. यादी वरून खाली तपासली जाते. पहिला जुळणारा पॅटर्न मिळाला की शोध संपला. 'पोस्ट/<स्लग>/' ही ओळ 'पोस्ट/न्यू/'च्या वर असेल, तर 'न्यू' हाच स्लग (पोस्टचं पत्त्यातलं नाव) धरला जातो आणि नवी पोस्ट लिहायच्या पानाऐवजी ४०४ दिसतो. फाइली वेगळ्या केल्या आणि दोन ॲप रिकाम्या प्रीफिक्सवर (पत्त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यावर) जोडली, तर हीच टक्कर दोन फोल्डरांत विभागली जाते आणि पटकन सापडत नाही. म्हणून प्रत्येक ॲपला स्वतःचा प्रीफिक्स द्या. रिकाम्या प्रीफिक्सचं ॲप सगळ्यात खाली ठेवा.

वेगळ्या फाइलीचा खरा फायदा नावांत आहे. दोन ॲपांत पॅटर्नचं 'डिटेल' हे एकच नाव असेल आणि आर्ग्युमेंटही सारखी असतील, तर 'रिव्हर्स' (नावावरून पत्ता काढणारं फंक्शन) शेवटचा पॅटर्न उचलतो. येणाऱ्या रिक्वेस्टच्या नियमाच्या बरोबर उलट! एरर येत नाही, लिंक मात्र भलत्याच पानावर जाते. ॲपच्या फाइलीत 'ॲप_नेम' लिहिलं की 'ब्लॉग:डिटेल' असं पूर्ण नाव वापरावं लागतं आणि हा गोंधळ उरत नाही.

पण हे उशिरा केलं तर महागात पडतं. प्रत्येक टेम्प्लेटमधला (पानाच्या साच्यातला) यूआरएल टॅग आणि प्रत्येक 'रिव्हर्स' बदलावा लागतो. एखादा राहिला तर 'नो रिव्हर्स मॅच' ही एरर येते, तीही ते पान कुणी उघडल्यावरच.

दोन-तीन ॲपांच्या साइटला आमची पसंती मधल्या वाटेला: फाइल एकच, पण ॲपगणिक वेगळी लिस्ट, आणि 'इन्क्लूड'ला लिस्ट व नाव यांचा टपल (जोडी) द्यायचा. नेमस्पेस, म्हणजे 'ब्लॉग:'सारखं नावाआधीचं ॲपचं नाव, पहिल्या दिवसापासून मिळते. पुढे लिस्ट वेगळ्या फाइलीत हलवली तरी टेम्प्लेटला हात लावावा लागत नाही. ॲप दुसऱ्या प्रोजेक्टमध्येही वापरायचं असेल तर मात्र सुरुवातीपासून वेगळीच फाइल.

हलवताना प्रीफिक्सच्या शेवटचा स्लॅश विसरू नका. जँगो दोन्ही तुकडे जसेच्या तसे चिकटवतो, त्यामुळे 'ब्लॉग/न्यू/'चं 'ब्लॉगन्यू/' होतं. ॲपच्या पॅटर्नच्या सुरुवातीला जादा स्लॅश पडला तर 'चेक' कमांड इशारा देते. प्रीफिक्सचा शेवटचा राहिला तर ती गप्पच असते.