डिजिटल सातबारा: १५ रुपयांत सुटतात बँकेच्या इंग्रजी अर्जातले अडलेले शब्द

शेतकऱ्यांना कर्जाची कागदपत्रं जुळवून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे महाभूमी या सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढणं आता हातचं झालंय. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा, जिल्हा-तालुका-गाव निवडायचं, गट नंबर द्यायचा, १५ रुपये भरायचे, की उतारा तयार. २०१८ सालच्या महाराष्ट्र दिनापासून ही सोय आहे. फुकट दिसणारा सातबारा नुसता बघण्यापुरता. बँकेत चालतो तो हा, कारण यावर क्यूआर कोड आणि पडताळणीचा १६ अंकी क्रमांक असतो. सहीसाठी तलाठी कार्यालयात खेटे घालायचे वाचले, एवढ्यासाठीच मी या सेवेला पैकीच्या पैकी गुण देते.

बँकेचा अर्ज इंग्रजीत असला की आपली माणसं अडतात, तिथेही हाच कागद कामी येतो. परवा एक आजोबा आले, अर्जातली ‘एन्कम्ब्रन्स’, म्हणजे जमिनीवरचा बोजा, यापुढची जागा कोरी. विचारलं, “आजोबा, जमिनीवर बोजा आहे का?”

“छे गं पोरी, सोसायटीचं कधीच फेडलं.”

उतारा काढला, तर ‘इतर अधिकार’मध्ये सोसायटीचं कर्ज तसंच उभं. कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला जोडून तो कमी करून घ्यावा लागतो. ई-हक्क या सरकारी ऑनलाइन सेवेवर त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो, आजोबांना तोच भरून दिला.

‘म्युटेशन’ म्हणजे फेरफार, जमिनीच्या नोंदीतला बदल. त्याचे क्रमांक उताऱ्यावर असतात, एखादा प्रलंबित असेल तर तेही कळतं. पण फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असं धरून चालू नका. ‘टायटल’ म्हणजे मालकी हक्क, आणि त्यासाठी बँकेचा वकील जुने दस्त तपासतो, त्यालाच सर्च म्हणतात. ‘टेनंट’ वाचून भाडेकरू आठवतो, शेतीच्या कागदात मात्र ते कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. ‘ऑक्युपंट’ म्हणजे भोगवटादार, जमीन धारण करणारा, आणि इथे वर्ग नीट बघाच: वर्ग २ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही.

क्षेत्राचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. अर्जात एकर मागतात, उताऱ्यावर हेक्टर-आर असतं (१०० आर म्हणजे १ हेक्टर). १ एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ४०.४७ आर. म्हणजे उताऱ्यावर ०.८१ हेक्टर दिसलं की अर्जात २ एकर लिहा. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा दाखवलेला असतो, तो लागवडीच्या क्षेत्रात मिळवू नका.

एक मागणी मनापासून आहे. उताऱ्याच्या मागच्या पानावर रकान्यांचे अर्थ मराठी-इंग्रजीत छापावेत. म्हाताऱ्या माणसाला त्यासाठी माझ्यासारखीकडे यावं लागू नये.

सोबत आठ-अ हा खातेदाराचा उतारा पण काढून ठेवा. तोही १५ रुपयांतच मिळतो, खात्यावरचे सगळे गट त्यात एकत्र दिसतात, आणि बँक तो मागतेच.